प्रियसचं मायलेज आणि एडिसनमधलं गॅरेज

आमची 2010 ची टोयोटा प्रियस, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी हायब्रिड गाडी, गॅलनला 48 मैल द्यायची, ती हिवाळ्यात 39 वर आली. थंडीत थोडं उतरतंच, पण मे उजाडला तरी आकडा हलेना. आधीच्या ठिकाणी गाडी उघडून न बघताच सांगितलं, हायब्रिड बॅटरी गेली, नवी टाका. पोटात गोळाच आला.

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या या गॅरेजवाल्या काकांनी स्कॅनर लावला आणि मला शेजारी बसवून चक्कर मारली. बॅटरीत 28 मॉड्यूल, म्हणजे छोट्या बॅटऱ्या, जोडीजोडीने 14 ब्लॉक. चढावर जोर दिला तरी सगळ्यांचे व्होल्ट जवळपास सारखेच. म्हणजे बॅटरी शाबूत. मग मागच्या सीटशेजारची जाळी काढली. आतल्या पंख्यावर आमच्या कुत्र्याच्या केसांचा जाड थर! वारा न मिळाल्याने बॅटरी तापायची, गाडी तिला जपून वापरायची आणि सगळा भार इंजिनवर. मागचा एक ब्रेकही अडकत होता. चाक उचलून फिरवायला लावलं मला, चक्क जड लागत होतं. टायरमध्ये हवा 28 पीएसआय. हवी पुढे 35, मागे 33.

दोन तासांची मजुरी, बस. आता 46 मिळतंय. अपॉइंटमेंटला आठवडा लागतो, पण थांबाच.