पीटीई अकॅडमिक: ऑस्ट्रेलियाच्या पॉइंट्ससाठी आता कुणी द्यावी, कुणी नको

ऑस्ट्रेलियाचा स्किल्ड व्हिसा वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजी यांच्या पॉइंटांवर ठरतो, आणि त्यातल्या इंग्रजीसाठी पीटीई, म्हणजे पिअर्सन कंपनीची संगणकावरची परीक्षा, हे ऑगस्ट २०२५ पर्यंत ठरलेलं होतं. चारही विभागांत ७९ आणले की ‘सुपिरिअर’चे २० पॉइंट, ६५ आणले की ‘प्रोफिशियंट’चे १०, आणि ५० ला ‘कॉम्पिटंट’, म्हणजे शून्य पॉइंट पण अर्ज करायला पात्र. ७ ऑगस्ट २०२५ पासून तिथल्या गृह विभागाने हे सरसकट आकडे काढून टाकले आणि प्रत्येक विभागाला वेगळी रेषा आखली. त्याच सुमारास पिअर्सनने परीक्षेत दोन नवे प्रश्नप्रकार घातले. नाव तेच असलं तरी परीक्षा आता वेगळीच आहे आणि जुन्या सल्ल्यांवर ती देणं महागात पडतं.

आधी आकडे. सुपिरिअरसाठी आता लिसनिंग ६९, रीडिंग ७०, रायटिंग ८५, स्पीकिंग ८८. प्रोफिशियंटसाठी याच क्रमाने ५८, ५९, ६९, ७६. कॉम्पिटंटसाठी ४७, ४८, ५१, ५४. परीक्षेचा सर्वोच्च स्कोअर ९० आहे हे लक्षात घेतलं तर स्पीकिंगमधल्या ८८ चा अर्थ कळतो: चुकायला जवळजवळ जागाच ठेवलेली नाही. उलट लिसनिंग आणि रीडिंग दहा-नऊ गुणांनी सैल झालं आहे.

हा बदल कुणाला मारतो ते एका गुणपत्रिकेवरून बघा. लिसनिंग ८५, रीडिंग ८२, रायटिंग ८८, स्पीकिंग ७४. जुन्या तक्त्यात हा उमेदवार निवांत प्रोफिशियंट होता, १० पॉइंट घेऊन गेला असता. नव्या तक्त्यात स्पीकिंगला ७६ हवेत, म्हणून तो कॉम्पिटंटवर घसरतो आणि हातात शून्य. बाकी तीन विभाग सुपिरिअरच्या वर असूनही. एका विभागाची भर दुसऱ्यात टाकता येत नाही, आणि दोन वेळा दिलेल्या परीक्षांतले चांगले विभाग जोडून एक निकालही बनवता येत नाही.

दुसऱ्या बाजूला, वाचनाचा वेग कमी म्हणून वर्षानुवर्षं ७२-७३ वर अडकलेला पण सफाईदार बोलणारा उमेदवार आज फायद्यात आहे. अशांसाठी पीटीई पूर्वीपेक्षा चांगली झाली, हे मोकळेपणाने सांगायला हवं.

एक गोष्ट घाईत विसरली जाते. ६ ऑगस्ट २०२५ पर्यंत दिलेल्या परीक्षेला जुनाच तक्ता लागू आहे, आणि निकाल आमंत्रणाच्या (व्हिसाचा अर्ज करा, असं विभागाने कळवण्याच्या) तारखेच्या आधीच्या तीन वर्षांतला असला की चालतो. म्हणजे ज्यांच्याकडे तेव्हाचे चारही ७९ आहेत त्यांनी ‘नवीन नियम आले’ म्हणून पुन्हा फी भरण्याचं काहीच कारण नाही. याची उलट बाजूही तितकीच पक्की: तेव्हा लिसनिंगला ७१ मिळाले असतील तर आज ते सुपिरिअरमध्ये मोजा असं म्हणता येत नाही.

आता परीक्षेकडे. नव्या साच्यात स्पीकिंगमध्ये दोन भर आहेत. एकात रोजच्या व्यवहारातला प्रसंग देतात आणि त्या माणसाशी आपण काय बोलू ते बोलून दाखवायचं. दुसऱ्यात तिघांची चर्चा ऐकून तिचा सारांश तोंडी सांगायचा. दोन्हीत पाठ केलेलं वाक्य चिकटवायला वाव कमी आहे, आणि हेतूही तोच आहे. पूर्वी ‘डिस्क्राइब इमेज’ आणि ‘रीटेल लेक्चर’ला क्लासवाल्यांचा साचा असायचा: आकृती काहीही असो, तीच सात-आठ वाक्यं, मधे चित्रातले चार शब्द. आता अशा उत्तरांच्या आशयावर माणसांची नजर असते. साचा विकणारे क्लास अजून आहेत. पहिल्याच दिवशी ‘हे पाठ करा’ म्हणणाऱ्या क्लासला फी देऊ नये, इतकं सरळ मत आहे.

८८ साठी काम कुठे करायचं? बहुतेकांचे गुण उच्चारापेक्षा ओघात जातात. मशीन ओघ मोजतं तेव्हा अडखळणं, शब्द मागे घेऊन पुन्हा म्हणणं, मधेच ‘अं’ करणं, हे सगळं वजा जातं. ‘रीड अलाउड’मध्ये एखादा शब्द चुकला तर तो दुरुस्त करायला मागे जाऊ नका, चुकीचा एक शब्द परवडतो, तुटलेलं वाक्य नाही. तीन सेकंद गप्प राहिलात तर मायक्रोफोन बंद होतो आणि उरलेला वेळ वाया जातो. ‘रिपीट सेंटेन्स’ला दहाच्या आसपास वाक्यं येतात आणि ती लिसनिंग आणि स्पीकिंग दोन्हीकडे मोजली जातात, म्हणून तयारीचा सर्वांत मोठा वाटा इथे द्यावा. पूर्ण वाक्य आठवत नसेल तर आठवलेला तुकडा सलग म्हणा. शब्दांचे नुसते ठिपके टाकू नका.

मराठी बोलणाऱ्यांच्या उच्चारात ठरावीक जागा आहेत. ‘व्हेरी’ आणि ‘वेअर’ यांची सुरुवात एकच होते. ‘फ’ कधी ओठ मिटून येतो. ‘शिप’ आणि ‘शीप’मधला ऱ्हस्व-दीर्घ फरक लिहिताना पाळतो पण बोलताना सोडतो. सगळ्यात जास्त नुकसान करतो तो आघात: आपण प्रत्येक अवयव सारख्या वजनाने म्हणतो, तर इंग्रजीत ‘डेव्हलपमेंट’चा ‘व्हे’च उचलायचा असतो. परदेशी ढब आणायची गरज नाही. भारतीय उच्चाराला गुण मिळतात, सपाट उच्चाराला कमी मिळतात.

रायटिंगचे ८५ हा दुसरा डोंगर, पण त्यातला मोठा भाग निबंधाबाहेर आहे. परीक्षेच्या अगदी शेवटी ‘राइट फ्रॉम डिक्टेशन’ येतं: तीन-चार वाक्यं, एकदाच ऐकायची, जशीच्या तशी टाइप करायची. बरोबर स्पेलिंगच्या प्रत्येक शब्दाला एक गुण, आणि तो लिसनिंगलाही जातो आणि रायटिंगलाही. इथे शब्द कळत नाहीत म्हणून गुण जात नाहीत. ‘द’ आणि ‘अ’ गळतात, अनेकवचनाचा शेवटचा ‘स’ गळतो. म्हणून आधी पूर्ण वाक्य टाइप करा आणि मग फक्त शेवटची अक्षरं तपासा. गंमत अशी की लिसनिंगचा वेळ बहुतांशी एकत्र मोजला जातो, आणि मधल्या बहुपर्यायी प्रश्नांवर घुटमळणारे इथे पोहोचतात तेव्हा घड्याळ संपत आलेलं असतं. सर्वांत कमी मोलाच्या प्रश्नांवर वेळ घालवून सर्वांत मोलाचे सोडायचे, हा प्रकार सर्रास दिसतो.

‘समराइझ रिटन टेक्स्ट’, म्हणजे उताऱ्याचा सारांश, एकाच वाक्यात, ५ ते ७५ शब्दांत. दोन पूर्णविराम पडले की उत्तराच्या स्वरूपाचा गुण शून्य. निबंध २०० ते ३०० शब्दांचा, वीस मिनिटांत. साधारण अडीचशेवर थांबून शेवटची तीन मिनिटं स्पेलिंगला द्यावीत. ब्रिटिश किंवा अमेरिकन, कोणतंही एक स्पेलिंग धरा आणि सोडू नका. रीडिंगबद्दल एवढंच: अनेक उत्तरं निवडायच्या प्रश्नात चुकीच्या निवडीला गुण कापले जातात, तेव्हा खात्री नसेल तर एकच पर्याय टिचकवा आणि पुढे व्हा. रिकाम्या जागा भरण्यात गुण जास्त आहेत.

परीक्षा केंद्राचा अनुभव हा पीटीईचा जुनाच दोष. एका खोलीत सगळे एकाच वेळी बोलायला लागतात. शेजारचा जोरात वाचत असेल तर ‘रिपीट सेंटेन्स’ ऐकणं अवघड होतं. मायक्रोफोन हनुवटीच्या पातळीवर, ओठांपासून थोडा बाजूला ठेवा, नाहीतर श्वास आत शिरतो. सुरुवातीच्या तपासणीत आपलाच आवाज परत ऐका. फरफर येत असेल तर तिथेच हात वर करा, नंतर तक्रार करून उपयोग नसतो. सुरुवातीच्या स्वपरिचयाला गुण नाहीत, म्हणून तो घसा मोकळा करायला वापरा. आणि घरून दिलेली ऑनलाइन परीक्षा या व्हिसाला चालत नाही, बुकिंग करताना नाव नीट वाचा.

मग आयईएलटीएस? तिची रेषा सरळ आहे: कॉम्पिटंट, प्रोफिशियंट, सुपिरिअरला चारही विभागांत अनुक्रमे ६, ७, ८. अकॅडमिक आणि जनरल ट्रेनिंग दोन्ही चालतात. लिसनिंगला ८ म्हणजे ४० पैकी साधारण ३५ बरोबर. अकॅडमिक रीडिंगलाही तेवढेच, जनरलला मात्र ३८ च्या आसपास, कारण उतारे सोपे असतात. स्पीकिंगला समोर माणूस असतो आणि तो अडखळण्याला मशीनपेक्षा जास्त माफ करतो. भिंत आहे ती रायटिंगच्या ८ ची. दुसऱ्या टास्कचं वजन पहिल्याच्या दुप्पट, आणि व्याकरण स्वच्छ असूनही मुद्दा नीट विकसित केला नाही तर साडेसहा-सातवर घोडं अडतं. निकाल पटला नाही तर फेरतपासणी मागता येते आणि स्कोअर बदलला तर तिची फी परत मिळते. लेखी विभाग अर्ध्या बँडने हुकला असेल तर तो पर्याय विचारात घेण्यासारखा आहे.

तेव्हा निवड अशी. प्रोफिशियंट पुरेसं असेल आणि बोलण्यात अडखळणं असेल, तर आयईएलटीएसचे चार ७ आज पीटीईच्या ७६ पेक्षा हाताशी आहेत. सुपिरिअरच हवं असेल आणि बोलणं सफाईदार असेल, तर पीटीई. आयईएलटीएस रायटिंगचा ८ खूप कमी लोकांना मिळतो. कागदावर नुसता अंदाज बांधण्यापेक्षा दोन्हींचा एकेक अधिकृत सराव पेपर वेळ लावून सोडवावा. फीच्या मानाने तो खर्च नगण्य आहे.

हे १० पॉइंट खरंच इतके महत्त्वाचे आहेत का? ३३ वर्षांचा, अविवाहित, पदवीधर सॉफ्टवेअर इंजिनिअर घ्या, मोजला गेलेला ऑस्ट्रेलियाबाहेरचा अनुभव पाच वर्षं. वयाचे २५, पदवीचे १५, अनुभवाचे १०, अविवाहित असल्याचे १०: झाले ६०. किमान ६५ लागतात, म्हणजे कॉम्पिटंटवर १८९ चं, म्हणजे कुणाच्या नामांकनाशिवायच्या व्हिसाचं, दारच बंद. प्रोफिशियंटने ७०, सुपिरिअरने ८०. १९० व्हिसाला राज्याच्या नामांकनाचे आणखी ५, प्रादेशिक भागासाठीच्या तात्पुरत्या ४९१ ला १५. ६५ ही फक्त पात्रतेची रेषा आहे, त्यावर १८९ चं आमंत्रण येईल असं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून दूर राहा. ‘मोजला गेलेला अनुभव’ हा शब्दही जपून वाचावा: आयटीवाल्यांचं मूल्यांकन करणारी एसीएस सुरुवातीची निदान दोन वर्षं वजा करते, म्हणजे पाच मोजायला सात लागतात. वाट बघत अनुभव वाढवायचा म्हटलं तर चाळिशीला वयाचे २५ एकदम १५ होतात.

इंग्रजीचे पॉइंट वाढत नसतील तर नाटीची (ऑस्ट्रेलियातल्या अनुवादक-दुभाष्यांना प्रमाणित करणाऱ्या संस्थेची) सीसीएल ही तोंडी भाषांतराची परीक्षा बघावी. तिचे ५ पॉइंट आहेत, ती मराठीतही देता येते आणि ऑनलाइन होते. दोन संवाद, प्रत्येकी ४५ गुणांचे. एकूण ९० पैकी ६३ हवेत आणि प्रत्येक संवादात किमान २९. प्रत्येक तुकडा जास्तीत जास्त ३५ शब्दांचा, तो इंग्रजीतून मराठीत किंवा उलट फिरवायचा. मराठी घरचीच असूनही लोक नापास होतात ते दोन कारणांनी: आकडे-तारखा गाळणं आणि बोलताना उगाच इंग्रजी शब्द पेरणं. आपल्या रोजच्या बोलण्यात ते खपतं, इथे गुण कापतात. नोंदी घ्यायला परवानगी आहे. फक्त आकडे, नावं आणि क्रियापदं टिपा. दवाखाना, विमा, न्यायालय, घरभाडं या विषयांचा शब्दसंग्रह आधी तयार ठेवा.

लग्न झालेल्यांनी जोडीदाराचं इंग्रजी विसरू नये. जोडीदाराने कॉम्पिटंट पातळी गाठली की ५ पॉइंट. वय ४५ च्या आत, व्यवसाय योग्य यादीत आणि कौशल्य मूल्यांकनही असेल तर १०. काहीच नसेल तर शून्य, आणि अविवाहितांना मिळणारे १० तर आधीच गेलेले. पीटीईच्या कॉम्पिटंटला स्पीकिंगचे ५४ लागतात, ते मुख्य अर्जदाराच्या ८८ पेक्षा कितीतरी स्वस्त आहेत.

निकाल आला की दोन कामं त्याच दिवशी उरका. पिअर्सनच्या खात्यातून तो गृह विभागाला ऑनलाइन पाठवा, कारण पिअर्सनच्या लेखी निकालाची मुदत दोन वर्षं आहे आणि विभागाच्या लेखी तीन. तिसऱ्या वर्षी आमंत्रण आलं तर पाठवायला खातं साथ देईलच असं नाही. आणि स्किलसिलेक्ट या विभागाच्या ऑनलाइन प्रणालीतल्या ईओआयमध्ये, म्हणजे आमंत्रणासाठी भरलेल्या इच्छापत्रात, नवा स्कोअर स्वतः भरा. अनुभवाची वर्षं तिथे आपोआप वाढतात, इंग्रजी नाही. पॉइंट वाढले की रांगेतली तारीख त्या दिवसाची धरली जाते, त्यामुळे आठवडाभराचा आळस म्हणजे त्याच पॉइंटवरची तेवढी माणसं पुढे. ईओआय दोन वर्षं जिवंत राहते, आमंत्रणानंतर अर्जाला ६० दिवस मिळतात, आणि भरलेले पॉइंट पुराव्याने सिद्ध झाले नाहीत तर अर्ज फेटाळला जाऊन व्हिसाची फीही जाते.