सिम्युलेटरमधल्या इंजिनाला धूर आणि वाफ: एमिटर, पत्रे की ब्लेंडर?

वाफेच्या इंजिनाचं मॉडेल झालं, रॉड नीट हलतायत आणि आता धुराड्यातून धूर कसा काढायचा इथे गाडी अडली असेल तर रस्ते तीन आहेत. सिम्युलेटरच्या एमिटरला, म्हणजे धुराचे कण सोडणाऱ्या सोयीला, चार ओळी लिहून धूर सोडायला लावायचा, मॉडेलवरच धुराचं पारदर्शक चित्र (टेक्श्चर) लावलेले सपाट पत्रे जोडायचे, नाहीतर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये धूर बनवून रेंडर करायचा. गाडी चालवायची असेल तर एमिटरच घ्या, फक्त ओपन रेल्स आणि ट्रेन्झ या दोन ट्रेन सिम्युलेटरमध्ये त्याचं काम खूप वेगळं आहे.

ओपन रेल्समध्ये २००१ च्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरचीच पद्धत चालते, इंजिनाची माहिती असलेल्या ईएनजी फाइलमध्ये स्टॅकएफएक्सची, म्हणजे धुराड्याच्या धुराची, एक ओळ आणि तिच्यात सात आकडे. पहिले तीन जागेचे, पुढचे तीन दिशेचे, शेवटचा तोंडाच्या रुंदीचा. समजा ० ४.१ ३.६ ० १ ० ०.३ लिहिलंत तर धूर मधोमध, ४.१ मीटर उंचीवरून, इंजिनाच्या मध्यापासून ३.६ मीटर पुढे, सरळ वर निघतो. थ्रीडी फाइल उघडायचीच नाही, नोटपॅडमध्ये आकडा बदला, परत लोड करा, बघा, नाही पटलं तर परत बदला. शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह, सिलिंडर सगळ्यांना अशाच वेगळ्या ओळी. आणि खरा फायदा म्हणजे धूर आत चाललेल्या वाफेच्या हिशोबाला जोडलेला असतो, रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारा व्हॉल्व्ह) उघडला की धुराड्यावर दिसतं. सेव्ह करताना एन्कोडिंग मात्र यूनिकोडच (नोटपॅडमध्ये यूटीएफ-१६ एलई) ठेवा.

ट्रेन्झमध्ये आधी मेशमध्येच, म्हणजे थ्रीडी मॉडेलमध्येच, अटॅचमेंट पॉइंट (धूर जिथून निघणार ती खूण) ठेवावा लागतो, म्हणजे धुराची जागा चार इंच सरकवायची तरी ब्लेंडरमध्ये जाऊन परत एक्सपोर्ट, वैताग येतो. पण कॉन्फिग फाइलमधल्या स्मोक ब्लॉकमध्ये रंग, रेट (सेकंदाला किती कण), वेग, कणाचं आयुष्य, लहानमोठी साइझ सगळं तुमच्या हातात. स्पीड मोड लावला तर उभ्या गाडीला वेगळा धूर आणि पळत्या गाडीला वेगळा, असं लिहिता येतं.

दोन्हीकडे एक हिशोब डोक्यात ठेवा, हवेत एकावेळी असणारे कण म्हणजे रेट गुणिले आयुष्य. सेकंदाला ४० कण आणि प्रत्येक ५ सेकंद टिकला तर २०० कण, तेही एकावर एक पारदर्शक, कॅमेरा जवळ नेला की फ्रेमरेट धाडकन पडतो. धूर दाट हवा म्हणून लोक रेट वाढवत सुटतात, त्यापेक्षा कण थोडे ठेवून साइझ वाढवा.

भक-भक वेगवेगळी दिसावी असं वाटत असेल तर आधी गणित करा. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार भपके, चाक दीड मीटरचं असेल तर ताशी २० किलोमीटरलाच सेकंदाला साधारण पावणेपाच होतात. म्हणजे सुटे भपके फक्त गाडी सुटतानाच दिसणार, पुढे सलग पट्टाच, त्यासाठी फार जीव आटवू नका.

पत्र्यांची पद्धत मला चालत्या गाडीला अजिबात आवडत नाही. धूर मागे रेंगाळत नाही, इंजिनाला चिकटून पळतो, बोगद्यात छतातून आरपार जातो. शेडमध्ये उभ्या ठेवलेल्या इंजिनाला मात्र झकास, खर्चही जवळपास शून्य.

ब्लेंडरमध्ये २.८२ आवृत्तीपासून धुराचं सिम्युलेशन करणारं मॅन्टाफ्लो आहे, त्याचा धूर बघत बसावा असा येतो, पण तो व्हिडिओसाठी. गेममध्ये आणायचा तर त्याच्या फ्रेम्स टेक्श्चरमध्ये बसवाव्या लागतात, एवढी मेहनत पहिल्याच मॉडेलला करू नका.

आणि काहीही निवडलंत तरी धूर आणि वाफ एकाच एमिटरमध्ये कोंबू नका. धूर करडा आणि रेंगाळणारा, वाफ पांढरी आणि लवकर विरणारी, म्हणून वाफेला आयुष्य कमी द्या. सेफ्टी व्हॉल्व्हची वाफ तर तोंडाशी दिसतच नाही, थोडी वर जाऊन थंड झाली की मग पांढरी होते, त्यामुळे तो एमिटर व्हॉल्व्हच्या किंचित वर ठेवा, तेवढ्यानेच बॉयलरमध्ये दाब असल्यासारखं वाटायला लागतं.