योगासनांच्या साहित्याचा संच: काय घ्यावं, काय राहू द्यावं

पट्टा, दोन विटा, लोड, खुर्ची आणि मॅट. पुण्यातल्या एका दुकानातून हा संच साडेपाच हजारांना घेतला. निम्मा पैसे वसूल, निम्मा नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी आपण कोणत्या पद्धतीचा योग करतो ते बघा, मगच पाकिटाला हात घाला. हे सगळं अय्यंगार पद्धतीचं साहित्य. गुरू कृष्णमाचार्यांनी बी. के. एस. अय्यंगारांना 1937 मध्ये पुण्याला पाठवलं, ते इथलेच झाले. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था 1975 ची. आसनात बराच वेळ थांबायचं, गुडघा-खांदा-टाच जागेवर आहेत ना ते बघायचं, आणि शरीर पोचत नसेल तिथे वीट किंवा पट्टा लावायचा. पण त्याच गुरूंचे दुसरे शिष्य, म्हैसूरचे पट्टाभि जोइस, यांच्या अष्टांग विन्यासात श्वासाबरोबर एका आसनातून दुसऱ्यात जायचं असतं. तिथे विटा मांडत बसाल तर लयच तुटेल. माझ्या मोठ्या जाऊबाई नागपूरला जनार्दनस्वामींच्या योगाभ्यासी मंडळात शिकल्या, त्या आजही सतरंजीवर करतात. त्यांना हा संच दाखवला तर म्हणाल्या, "एवढ्यात तर आमच्या अख्ख्या वर्गाच्या सतरंज्या येतील!" बरोबरच आहे त्यांचं.

संचातली सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे पट्टा. सुती, आठ फुटी, टोकाला दोन लोखंडी कड्या. सुप्त बद्धकोणासनात, म्हणजे पाठीवर झोपून तळपाय जुळवले की, तो कमरेमागून घेऊन मांड्यांवरून पावलांखाली आणायचा आणि आवळायचा. पावलं घसरत नाहीत, जांघेत ताण येतो पण दुखत नाही, पोट सैल पडतं. पतंजलींनी आसनाला तीनच सूत्रं दिली, त्यातलं पहिलं 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे स्थिर आणि सुखाचं ते आसन. माझ्यासारख्या आखडलेल्या बाईला त्यातलं 'सुख' या पट्ट्यानेच दिलं. प्लॅस्टिकच्या क्लिपचा पट्टा मात्र घेऊ नका, ताण आला की सरकतो.

खुर्ची म्हणजे मंगल कार्यालयातली लोखंडी घडीची खुर्चीच, फक्त पाठीचा पत्रा काढलेला. पाय पाठीच्या दांड्यावरून पलीकडे टाकायचे, खांदे खाली लोडावर टेकवायचे आणि हातांनी खुर्चीचे मागचे पाय धरायचे, की झालं खुर्चीतलं सर्वांगासन. मानेवर भार येत नाही. पहिल्यांदा शिक्षिकेसमोरच करा, आणि बीपी असेल तर त्यांना आधी सांगा. घेताना वेल्डिंगवरून बोट फिरवून बघा. माझ्या खुर्चीला एका बाजूला धार होती, कानशीने घासून घ्यावी लागली. पायांना रबरी टोप्या हव्यातच, फरशीवर त्याशिवाय धोका आहे.

विटा लाकडी, पॉलिश बरं. सेतुबंधात, म्हणजे पाठीवर झोपून कंबर उचलतो त्या आसनात, माकडहाडाच्या वरच्या सपाट भागाखाली उभी वीट ठेवली तरी हलत नाही. फोमच्या विटा हलक्या असतात, प्रवासाला ठीक, पण भार टाकला की दबतात.

लोडाने मात्र निराशा केली. आत फोम, आणि पावसाळा संपायच्या आत मध्ये खड्डा पडला. छाती उघडण्याऐवजी पाठच बुडते. दुकानदार म्हणे, "मॅडम, रोज वापरता का?" मग काय शोकेसमध्ये ठेवायचा होता?

मॅटबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रबराचा वास महिनाभर जात नाही, एवढंच.

नुसता प्राणायाम करणार असाल तर यातलं काहीही नको. घोंगडी चौपदरी घालून तिच्या कडेवर बसा, कंबर आपोआप ताठ राहते.

तेव्हा संच घेऊ नका. पट्टा, विटा, खुर्ची सुटी घ्या, आणि लोड जवळच्या गादीवाल्याकडून कापसाचा, गच्च भरून शिवून घ्या, साधारण दोन फूट लांबीचा. मी आता तसाच केलाय, घासाघीस करून सातशेत. अभ्रा आधीच ठरवून घ्या, नाहीतर त्याचे वेगळे पैसे लावतात.