अर्ध्या तिकिटावर मराठवाडा : वर्षभराच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते, मग तपशील. एसटीचं अर्धं तिकीट आणि देवस्थानाचं भक्तनिवास या दोन गोष्टींच्या जोरावर मराठवाडा आरामात फिरता येतो. आराम खिशाचा म्हणतेय, पाठीचा नव्हे. अडतं ते शेवटच्या पाच-दहा किलोमीटरला आणि परतीच्या गाडीला. बाकीचं जमून जातं.

मी लातूरची, नोकरी शाळेत, त्यामुळे सुट्ट्या बऱ्या आणि पगार बेताचा. सोबत बहुतेक वेळा आई. तिची पंच्याहत्तरी उलटलीय. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली आणि मार्च २०२३ पासून बायकांना सरसकट अर्धं तिकीट. सुरुवातीला या सवलतीचा उपयोग आमच्याकडे लग्नकार्य, दवाखाना आणि माहेरपण एवढ्यापुरताच होता. गेल्या पावसाळ्यापासून मात्र आम्ही निव्वळ फिरायला म्हणून निघतो. शेजारणी अजूनही विचारतात, "कोणाकडं चाललाव?" कोणाकडंच नाही म्हटलं की त्यांना पटत नाही.

हिशोब असा. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं भाडं जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं. सहा किलोमीटरचा एक टप्पा, आणि साध्या गाडीला टप्प्याला साधारण दहा रुपये. म्हणजे साठ किलोमीटरला पूर्ण तिकीट शंभराच्या घरात. माझे पन्नास, आईचे शून्य. दोघींचं जाणं-येणं शंभरात. तेवढ्याच अंतराला गाडी ठरवायला गेलं की बोलणं हजारांतच सुरू होतं.

आईचं तिकीट हा एक वेगळाच सोहळा असतो. कंडक्टर म्हणतो, "आज्जी, कार्ड दाखवा." मग कमरेची पिशवी निघते, पिशवीतून प्लास्टिकची घडी, घडीतून आधार कार्ड. तो बघून "बसा" म्हणतो आणि पुढं सरकायला लागतो, की आई त्याची बाही धरते. "तिकीट दे की." शून्य रुपयांचं का असेना, मशीनमधून कागद निघालाच पाहिजे. तो कागद आई दुमडून बांगडीत खोचते आणि तपासनीस येवो न येवो, उतरेपर्यंत तिथंच ठेवते. माझ्या पन्नास रुपयांच्या तिकिटाचा मात्र पहिल्या थांब्यालाच चोळामोळा झालेला असतो.

आता मुख्य मुद्दा. स्वस्तात फिरायचं तर गाडीभाड्यापेक्षा मुक्काम महत्त्वाचा, आणि मराठवाड्यात स्वस्त मुक्काम देवाच्या दारी मिळतो. बारा ज्योतिर्लिंगांतली औंढा नागनाथ, परळी वैजनाथ आणि घृष्णेश्वर आपल्याकडे. साडेतीन पीठांतली तुळजापूर आणि माहूर आपल्याकडे. नांदेडला सचखंड गुरुद्वारा, पैठणला नाथमहाराज, अंबाजोगाईला योगेश्वरी. एवढी माणसं पिढ्यानपिढ्या येत राहिली म्हणून या गावांत भक्तनिवास, धर्मशाळा, स्वस्त खानावळी आणि मुख्य म्हणजे भरपूर गाड्या आहेत. किल्ले, लेणी, बारवा (पायऱ्यांच्या जुन्या विहिरी) आहेत त्या गावांत यातलं बहुधा काहीच नसतं. म्हणून आमची पद्धत ठरून गेलीय : मुक्काम देवाच्या गावी, भटकंती शेजारच्या गावी. आईचं दर्शन होतं, माझा किल्ला होतो, भांडण होत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे तुळजापूर-नळदुर्ग. तुळजापुरात राहायचं, सकाळी नळदुर्गची गाडी धरायची. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं गाव, त्यामुळे गाड्यांना तोटा नाही, आणि किल्ला गावाला लागूनच. ऑटोवाल्याशी घासाघीस नाही, इथंच निम्मी लढाई जिंकली. बोरी नदी अडवून किल्ल्यात आणलेली, तिच्यावर आदिलशाहीतला दगडी बांध, आणि त्या बांधाच्या पोटात पाणी महाल. पाऊस झाला की बांधावरून दोन धारा कोसळतात, एकीला नर म्हणतात, दुसरीला मादी. पाणी जास्त असेल तेव्हा आत सोडत नाहीत. बेताचं असेल तर दगडी जिन्यानं खाली उतरता येतं. खालच्या दालनात उभं राहिलं की खिडकीच्या कमानीबाहेर पाणी पडत असतं आणि आतल्या भिंतीला हात लावला तर ती थरथरते की काय असं वाटतं, इतका आवाज. आई तिथून हलायला तयार नव्हती. उपळी बुरुजाच्या पायऱ्या मी एकटीनं चढले, ती खाली सावलीत बसून दुसऱ्या एका आजीबरोबर अणदूरच्या खंडोबाची गोष्ट करत होती. हा खंडोबा वर्षातला काही काळ मुक्कामाला नळदुर्गात येतो, बाकी काळ अणदूरला. देवही आमच्यासारखाच मुक्काम बदलत फिरतो म्हणायचं!

धाराशिवहून तेर हीसुद्धा सोपी जोडी. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात त्याचं नाव आहे. आज तिथं गोरोबाकाकांची समाधी आहे, विटांचं त्रिविक्रम मंदिर आहे आणि सरकारी संग्रहालय आहे. या संग्रहालयासाठी स्वतंत्र दिवस काढावा असं माझं मत. मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या, मणी, सातवाहनांची नाणी. पुण्या-मुंबईचं कोणी फारसं इकडं येत नाही. बरंच आहे, निवांत बघता येतं.

नांदेडबद्दल जास्त लिहीत नाही, कारण तिथं कोणाला काही अवघड जात नाही. आत्ताची गुरुद्वाऱ्याची इमारत महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवली. यात्री निवास मोठमोठी आहेत आणि लंगर सगळ्यांना. एकट्या बाईला सर्वांत निर्धास्त वाटावं असं मराठवाड्यातलं गाव कोणतं विचाराल तर मी नांदेड सांगेन. तिथून कंधारचा किल्ला एका दिवसात होतो. देगलूरजवळचं जुन्या मंदिरांचं होट्टल गाव मात्र सकाळी लवकर निघालात तरच.

आता वालूर. हे मुद्दाम लांबवून सांगते, कारण माझ्या यादीत ते पहिलं आहे आणि सोय बघितली तर जवळजवळ शेवटचं. परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यात हे गाव. सेलूला रेल्वे थांबते, पुढं वालूरपर्यंत मिळेल ते वाहन. तिथली बारव वेगळी आहे, पायऱ्या सरळ उतरत नाहीत, वळत वळत खाली जातात. वरून पाहिलं तर डोळे गरगरतात. कोणत्या पायरीवरून कुठं पोचणार ते कळत नाही, दोघी समोरासमोरून उतरायला लागलो तर एकमेकींची पाठच दिसते. बरीच वर्षं ती गाळानं भरलेली होती. गावातल्या आणि जिल्ह्यातल्या माणसांनी हातानं उपसून ती मोकळी केली. आम्ही गेलो तेव्हा एक पोरगं पुढं धावत "इथून नका, तिथून या" सांगत होतं. त्याला पैसे नको होते, पेन हवा होता. तिकीट नाही, पाटी नाही, चहाची टपरी लांब. येताना तासभर काहीच मिळालं नाही, मग एका दुधाच्या टेम्पोवाल्या दादानं सेलूत सोडलं. पैसे विचारले तर "आज्जी बसल्या म्हणून घेत नाही" म्हणाला. अशा भरवशावर कोणी बेत आखू नये, पण घडलं ते सांगितलं. जिंतूर तालुक्यातलं चारठाणा, तिथली यादवकालीन मंदिरं आणि बारव, हे औंढ्याला मुक्काम करून करायचं ठरलंय.

अशी ठिकाणं सापडतात कुठून, हे बऱ्याच जणींनी विचारलं. मोबाईलवर मराठवाडा शोधलं की वेरूळ, देवगिरी, बीबी का मकबरा, पुन्हा वेरूळ. मी स्टँडवरच्या वेळापत्रकाचा फळा वाचते. ज्या गावाचं नाव ओळखीचं वाटतं, पण का ते आठवत नाही, ते लिहून घेते. मग जिल्ह्याचं गॅझेटियर उघडते. ती फुकट वाचायला मिळतात आणि गावागावाची देवळं, किल्ले, जत्रा त्यांत असतात. औसा तालुक्यातली खरोशाची लेणी मला अशीच मिळाली. जन्म लातुरात गेला आणि घराजवळची सहाव्या शतकातली लेणी फळ्यावर सापडली, काय बोलायचं!

अजिंठा-वेरूळ खर्चाच्या बाबतीत वेगळं प्रकरण. तिकीट फार नाही, भारतीयांना खिडकीवर ४० रुपये. पण लेण्यांच्या दारातलं राहणं आणि खाणं महाग. म्हणून मुक्काम छत्रपती संभाजीनगरातच, मध्यवर्ती स्टँडच्या आसपास. कन्नड रस्त्याच्या गाडीनं देवगिरी, खुलदाबाद आणि वेरूळ एकाच दिशेला पडतात, पण तिन्ही एका दिवसात कोंबू नका. अजिंठ्यासाठी जळगावकडे जाणाऱ्या गाडीनं फर्दापूरच्या फाट्यावर उतरायचं, तिथून लेण्यांपर्यंत वेगळी बस. एक पक्कं लक्षात ठेवा : अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. फाट्यावर सोमवारी उतरलेली कुटुंबं मी पाहिलीत.

आता तक्रारी. मोठी तक्रार परतीची. खेड्याकडे जाणारी गाडी बऱ्याचदा मुक्कामी असते, म्हणजे संध्याकाळी गावात जाते, रात्री तिथंच थांबते आणि पहाटे निघते. दिवसा फिरायला येणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. म्हणून चौकशीच्या खिडकीवर आधी परतीची शेवटची गाडी विचारायची, जायची नंतर. फळ्यावरच्या वेळा काही ठिकाणी कोणत्या जमान्यातल्या आहेत देव जाणे. खिडकीतला माणूस आणि चहावाला यांची उत्तरं वेगळी आली तर मी चहावाल्याचं धरते. शाळा-कॉलेज सुटायच्या वेळेला साध्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा म्हाताऱ्या माणसाला घेऊन चढू नये.

दुसरी तक्रार राहण्याची. भक्तनिवास भरलं म्हणून एका तालुक्याच्या गावी लॉज शोधला. काउंटरवरच्या माणसानं माझ्याकडं, आईकडं आणि दाराकडं पाहून विचारलं, "सोबत कोणी माणूस नाही का?" आई म्हणाली, "मग आम्ही कोण?" खोली काही दिली नाही. दुसऱ्या ठिकाणी मिळाली, पण तासभर गेला आणि आईचे पाय सुजले. तेव्हापासून मुक्कामाच्या ठिकाणी चारच्या आत पोचायचं हा नियम. स्वच्छतागृहांबद्दल तर लिहायलाच नको. ज्या स्टँडवर ती स्वच्छ आहेत तिथं उतरून घ्यायचं, पुढच्याची वाट पाहायची नाही.

आणखी एक. पौर्णिमा, नवरात्र, श्रावणातले सोमवार आणि नाथषष्ठी या दिवसांत हा सगळा हिशोब उलटतो. खोली मिळत नाही, गाडीत जागा मिळत नाही. मधल्या वारी, साध्या तिथीला जा.

खाण्याचा खर्च मी कमी धरते, कारण घरचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस टिकते. स्टँडवर सकाळी सुशीला (फोडणीचे भिजवलेले चुरमुरे) मिळाली तर घ्या, पोट भरतं. भूम-कुंथलगिरीच्या बाजूनं येणार असाल तर पेढ्यांचे पैसे वेगळे काढून ठेवा, ते बजेटमध्ये बसवू नका.

पुरुषांना अर्धं तिकीट नाही, ते पासष्टीनंतर. माझ्या भावानं एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा सात दिवसांचा पास काढला होता. चार दिवसांचाही मिळतो. त्याचा अनुभव असा की रोज लांब पल्ला मारला तरच पास वसूल होतो. तुळजापूर, अंबाजोगाई, परळी असं तुकड्या-तुकड्यानं फिरणाऱ्याला सुटं तिकीटच परवडतं, आणि बायकांना तर पासाची गरजच पडत नाही. सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच, हेही ध्यानात असू द्या. उदगीरहून बिदर बघून यायचं म्हटलं तर हद्दीपलीकडचे पूर्ण पैसे पडतात.

कोणी वापरू नये? तान्हं मूल सोबत असलेल्यांनी, गुडघ्यांचं दुखणं जास्त असलेल्यांनी आणि एप्रिल-मे शिवाय सुट्टीच नसलेल्यांनी. मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याच्या शेडखाली गाडीची वाट पाहण्यात कसलीही बचत नाही. त्यापेक्षा चौघींनी मिळून गाडी करा, पहाटे निघा आणि अकराच्या आत घरी या. जून लागला की पुन्हा लाल गाडी.