बझी मधमाशी: यंत्र चोख, खेळ अर्धवट

पाच-सहा वर्षांच्या डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टरला बरीच मुलं सुई दिसायच्या आधीच हात आखडून घेतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. एमी बॅक्स्टर यांनी त्यावर काढलेली 'बझी' म्हणजे तळहातात मावणारी मधमाशी. पोटात सेलवर थरथरणारी मोटर, खाली अडकवायचे बर्फाचे पंख आणि लक्ष वळवायला चित्रांची कार्डं.

कोपर आपटला की आपण तो चोळतो, तेच इथे यंत्र करतं. थरथरीचा संदेश जाड मज्जातंतूंमधून मज्जारज्जूत पोचतो आणि वेदनेची वाट अंशतः अडवतो. वेदनेवर संशोधन करणाऱ्या मेल्झॅक आणि वॉल यांचा 1965चा 'गेट कंट्रोल' सिद्धांत तो हाच.

वापर सोपा, पण क्रम चुकला की पैसे वाया. पंख फ्रीजरमध्ये दगडासारखे गोठवा. नुसत्या फ्रीजमधले निरुपयोगी. दवाखान्यात न्यायचे तर बर्फाच्या डब्यातून न्या. दंडावर टोचायच्या जागीच मधमाशी 30 ते 60 सेकंद धरा, मग थोडी खांद्याकडे सरकवा आणि सुई बाहेर येईपर्यंत चालूच ठेवा. सर्रास होणारी चूक म्हणजे ती कोपराच्या बाजूला सरकवणं. ती सुई आणि मेंदू यांच्या मधेच हवी. रक्त काढताना मात्र पंख थेट शिरेवर ठेवू नका, थंडीने शीर आकसते. सिकल सेल (रक्ताचा आजार) किंवा रेनॉड (थंडीने बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात तो आजार) असलेल्या मुलांना बर्फ नकोच.

कार्डांच्या खेळात मात्र कमी पडतं. 'किती फुगे?' अशा प्रश्नाचं उत्तर मोजून दोन सेकंदांत संपतं आणि नजर पुन्हा सुईकडे. प्रश्न शोधायला लावणारा हवा: 'टोपी उलटी कुणाची?', 'एकच बूट घातलेला कोण?' असे पाच-सहा प्रश्न चित्र बघून घरीच मराठीत तयार करा आणि स्पिरिटचा बोळा लागायच्या आधी सुरू करा. सुई आत गेल्यावर काढलेलं कार्ड मूल बघतही नाही. काही मुलांना सुई बघायचीच असते; त्यांना बघू द्या, कार्ड तोंडापुढे नाचवू नका. दोन वर्षांच्या आतल्यांना कार्डं कळत नाहीत, मोटरची घरघर उलट घाबरवते. म्हणून आदल्या दिवशी घरी गार पंखांशिवाय हातावर फिरवून दाखवा.

'जेव, नाहीतर डॉक्टरकाका सुई टोचतील' हे घरात रोज चालत असेल, तर मधमाशीचा उपयोग निम्माच.

वेदना कमी करण्यासाठी घ्यायला हरकत नाही. नुसत्या कार्डांसाठी घेऊ नका. ती वहीच्या कागदावर होतात.