‘व्हेरिफाय ओके’ दाखवून घातलेला गंडा

कलर सॉर्टरचा, म्हणजे रंग बघून खराब दाणा हवेच्या नोझलनं उडवणाऱ्या मशीनचा, बोर्ड बाहेरच्या माणसाकडून दुरुस्त करून घेणाऱ्या बेदाणा आणि हळदवाल्यांसाठी हे लिहितोय.

आमचं युनिट तासगाव रोडला. वळवाच्या पावसात लाइटचा झटका बसला आणि सॉर्टरचा मुख्य बोर्ड गेला. मशीन विकणाऱ्या एजंटानं धंदाच बंद केलाय. शेडवाल्यांचा माल येऊन पडलेला, सौदा तोंडावर. अशात मार्केट यार्डातल्या एका ओळखीच्यानं एका ‘बोर्ड इंजिनिअर’चा नंबर दिला.

माणूस बोलायला गोड आणि कामाला हुशार, हे मान्यच करायला पाहिजे. बोर्ड बघताक्षणी म्हणाला, झायलिंक्सची स्पार्टन-६, एलएक्स९. ही एफपीजीए चिप, म्हणजे जी फाइल भराल तसं काम करणारी. हिच्या स्वतःच्या पोटात काही टिकत नाही. वीज गेली की पाटी कोरी, वीज आली की शेजारच्या छोट्या फ्लॅश चिपमधली फाइल वाचून ती पुन्हा कामाला लागते. काळा दाणा कुठला आणि तो कुठल्या नोझलनं उडवायचा, ते सगळं त्या फाइलमध्ये. त्याच्या मते फ्लॅश जळली होती. नवी बसवली, फाइल भरली, लॅपटॉपवर ‘व्हेरिफाय सक्सेसफुल’ दाखवलं, चिपनं फाइल नीट वाचली की लागणारा बोर्डावरचा ‘डन’चा दिवा दाखवला. “बघा दादा, कंपनीची ओरिजिनल फाइल. खोटी असती तर दिवा लागला असता का?” पैसे यूपीआयवर घेतले, बिल पाठवतो म्हणाला, आणि जुनी चिप ‘खराबच आहे की’ म्हणत खिशात घालून गेला. बिल अजून यायचंय.

महिनाभरात नोझल गप्प. माल सरकतोय, कॅमेरे चालू, पण काळा दाणा पिवळ्याबरोबर थेट बॉक्समध्ये. फोन केला तर म्हणाला, “तुमच्याकडची लाइट खराब, फाइल करप्ट झाली.” परत पैसे, परत फाइल. पुन्हा तेवढंच चाललं आणि पुन्हा बंद. त्यावर यानं स्टॅबिलायझर बदलायला लावला. नंतरच्या खेपेला स्वतः यायचेही कष्ट घेतले नाहीत; फाइल पाठवली आणि आमच्या ऑपरेटरकडून भरून घेतली. तिथंच तो सापडला.

माझा भाचा विश्रामबागेत, वालचंद कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकलाय. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, “मामा, नोझल बंद पडले तेव्हा डनचा दिवा चालू होता का?” होता. मग फाइल करप्ट नाही, म्हणाला. फाइलमध्येच सीआरसी नावाचा बेरजेसारखा आकडा असतो. चिप फाइल वाचताना तो पडताळते. एखादा बिट जरी बिघडला असला तरी ती कामाला लागत नाही आणि दिवा लागत नाही. इथं दिवा लागतोय आणि नोझल मारत नाहीत, म्हणजे फाइल धडधाकट आहे आणि तिला जे सांगून ठेवलंय तेच ती करतेय.

त्यानं फ्लॅश उतरवून वाचली. काहीशे रुपयांचा प्रोग्रामर, म्हणजे चिप वाचायचं-भरायचं यंत्र, पुरतो याला. चिप १६ मेगाबिटची, म्हणजे २ एमबी. एलएक्स९ची फाइल २७,४२,५२८ बिटची, साडेतीन लाख बाइटसुद्धा भरत नाहीत. बाकीची जागा कोरी, म्हणजे सगळीकडे ‘एफएफ’ (सगळे बिट एक) हवी. पण अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये, म्हणजे एका वेळी पुसता येणाऱ्या तुकड्यात, ३२ बाइट शून्य झालेले. भाच्यानं आधी सगळ्याची प्रत काढली, मग फक्त तो सेक्टर पुसला आणि चिप परत बसवली. मशीन सुरू! फाइलला हातही लावला नव्हता. थोड्या दिवसांनी परत वाचलं तर त्याच जागी काही बिट पुन्हा शून्य. फ्लॅशमध्ये एकाचं शून्य करायला पुसावं लागत नाही, त्यामुळे हजेरीपटावर काट मारत जावं तशी ती फाइल दर तासाला एक बिट मारायची, आणि सगळे संपले की नोझल बंद करायची. ३२ बाइट म्हणजे २५६ बिट, म्हणजे २५६ तास. दिवसाला दहा तास धरले तर महिन्याच्या आत आमचे नोझल गप्प. लाइटचा काही संबंध नाही.

आता तो ‘व्हेरिफाय’. प्रोग्रामर फक्त एवढंच बघतो की हातातली फाइल आणि चिपमध्ये गेलेली फाइल सारखी आहे का. नकली फाइलसुद्धा स्वतःसारखीच असणार ना! सीआरसीचंही तेच: ज्यानं नवी फाइल बनवली त्याच्या सॉफ्टवेअरनं नवा सीआरसीही घातला. फाइल दुसऱ्याच चिपची असेल तर चिपच्या मॉडेलचा आयडी कोड जुळत नाही आणि चिप नाकारते, पण तो पहारा चुकून होणाऱ्या घोळासाठी आहे, चोरासाठी नाही. फाइल एन्क्रिप्ट करायची, म्हणजे किल्लीशिवाय न वाचता येणारी करायची, सोय स्पार्टन-६मध्ये एलएक्स७५पासून वरच्या चिपना आहे, एलएक्स९ला नाहीच.

त्या इंजिनिअरनं पाठवलेली ‘बिट’ फाइल भाच्यानं नोटपॅडमध्ये उघडली. बाकी सगळा कचरा दिसतो, पण सुरुवातीला डिझाइनचं नाव, चिपचं नाव, फाइल बनवल्याची तारीख आणि वेळ चक्क वाचता येते. कंपनीची ‘ओरिजिनल’ फाइल आमचा बोर्ड गेल्यानंतर जन्मलेली! याच्याकडे मूळ डिझाइन आहे, म्हणजे हा कधीतरी आतलाच माणूस असणार, असं मला वाटतं. अर्थात तारीख जुनी निघाली म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये. तो मजकूर सीआरसीत येत नाही आणि चिप तो बघतही नाही. थोडा सावध चोर तो सहज बदलेल.

फाइल आत काय करते हे बिट बघून आपल्याला कळणं जवळपास अशक्य. चांगल्या फाइलशी तुलना एवढाच मार्ग. तासगावात एकाकडे हेच मॉडेल, त्याला या माणसाचा हात लागलेला नाही. त्याच्या परवानगीनं फ्लॅश दोनदा वाचली, दोन्ही वाचनांचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसाच, काढला. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ कमांडनं फुकटात निघतो, ६४ अक्षरं येतात; सगळी जुळवायची, पुढची-मागची चार बघून सोडायची नाहीत. तीच फाइल आमच्यात भरली. आता हॅश मशीनच्या रजिस्टरमध्ये लिहिलेला आहे, आणि कुणी फाइल देणार असेल तर हॅश त्यानं आधी बिलावर लिहून द्यायचा. जुनी चिप जागेवर ठेवून जायची.

त्या इंजिनिअरला फोन केला तर म्हणतो, “ती ट्रायल व्हर्जन होती दादा, फुल व्हर्जनचे वेगळे पडतील.” माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६खाली तक्रार दिलीय. पोलिसांना समजावताना सगळ्यात उपयोगी पडली ती पुसण्याआधीची प्रत. तेव्हा ज्यांनी गेल्या सीझनला असा बोर्ड दुरुस्त करून घेतलाय, त्यांनी मशीन बंद पडायची वाट न बघता फ्लॅशचा शेवटचा भाग वाचून घ्या, आणि एफएफच्या जागी काही दिसलं तर प्रत काढल्याशिवाय पुसू नका.