कॅफ चॅम्पियन्स लीग २०२३-२४: दार-एस-सलाममध्ये राहून पाहिलेला अख्खा हंगाम

ऑगस्ट २०२३ ते मे २०२४ असे नऊ महिने मी कॅफची, म्हणजे आफ्रिकेच्या फुटबॉल महासंघाची, चॅम्पियन्स लीग पहिल्या फेरीपासून शेवटच्या शिटीपर्यंत पाहिली. सहा सामने बेंजामिन म्कापा स्टेडियममध्ये बसून, बाकीचे घरच्या टीव्हीवर किंवा गल्लीतल्या किबांडात, म्हणजे पैसे देऊन पडद्यावर सामना पाहायच्या खोलीत. हंगाम संपेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसता संताप उतरला असता.

मी मूळची कोल्हापूरची. वडिलांचं बोट धरून शाहू स्टेडियमवर जायचे तेव्हापासून फुटबॉल म्हणजे पेठ, तालीम आणि सामन्याच्या दिवशी लवकर ओढलेली दुकानाची शटरं हे डोक्यात पक्कं आहे. नोकरीसाठी टांझानियातल्या दार-एस-सलामला आले तेव्हा इथल्या लोकांचं सगळं लक्ष इंग्लंडच्या लीगकडे असेल असं वाटलं होतं. ऑफिस कारियाकू भागात आहे. पहिल्याच आठवड्यात कळलं की इथे माणसाची ओळख दोन प्रश्नांत होते: नाव काय, आणि सिंबा की यांगा?

यांगा, म्हणजे यंग आफ्रिकन्स, १९३५ चा क्लब. रंग हिरवा-पिवळा, टोपणनाव 'वनान्ची', म्हणजे जनता. सिंबा १९३६ चा, रंग लाल-पांढरा, त्यांना 'म्न्यामा' म्हणतात, म्हणजे जनावर. दोघांची मुळं कारियाकूतलीच. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यामध्ये वाढलेल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. आमच्या ऑफिसची गाडी चालवणारे मझे (वडीलधाऱ्या माणसाला इथे आदराने असं म्हणतात) पक्के सिंबावाले. हिशेबाच्या टेबलावर माझ्या शेजारी बसणारी सहकारी यांगाची. दोघंही मला 'दादा' म्हणतात. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, आणि काका म्हणजे भाऊ. हे अंगवळणी पडायला मला बरेच दिवस लागले.

कुणी मला विचारलं की या स्पर्धेचा एकच हंगाम पाहायचा तर कुठून पाहावा, तर मी म्हणेन, हाच हंगाम आणि याच शहरातून. कारण एकाच शहराचे दोन क्लब शेवटच्या आठात गेले, आणि दोघंही काठावरून गेले.

सुरुवातीच्या फेऱ्या थोडक्यात सांगते. यांगाने जिबूतीच्या आसासला सहज हरवलं, मग सुदानच्या अल मेरीखला. सुदानमध्ये युद्ध चालू असल्याने मेरीखने आपला 'घरचा' सामना रवांडात, किगालीला खेळला. परक्या मैदानावर आपला झेंडा लावून खेळणारी ती पोरं टीव्हीवर पाहिली आणि यांगाच्या गोलचा आनंद अर्धाच झाला. सिंबाने झांबियाच्या पॉवर डायनामोजशी तिकडे २-२ आणि इकडे १-१ अशी बरोबरी केली आणि केवळ बाहेरच्या मैदानावरच्या गोलांवर ते पुढे गेले: एकूण गोल सारखे असले तर परक्या मैदानावर जास्त गोल मारणारा संघ जिंकतो. युरोपने हा नियम काढून टाकला, आफ्रिकेत तो अजून आहे, आणि मला तो आवडतो. पाहुण्या संघाला निदान एक गोल मारावासा वाटतो. एरवी या स्पर्धेत पाहुणे फारसं धाडस करत नाहीत.

खरी स्पर्धा नोव्हेंबरपासून. सोळा संघ, चारचे चार गट, प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर. यांगा तब्बल २५ वर्षांनी या टप्प्यावर आला होता आणि पहिल्याच सामन्यात अल्जीरियात बेलुइझदादकडून ०-३ असा मार खाऊन परतला. दुसरीकडे सिंबाचं घर आधीच विस्कटलेलं होतं. ५ नोव्हेंबरला लीगमध्ये यांगाने त्यांना ५-१ ने धुतलं, त्यानंतर प्रशिक्षक गेले आणि अल्जीरियाचे अब्देलहक बेनशिखा आले. त्या सोमवारी मझे गाडीत रेडिओसुद्धा लावत नव्हते.

२ डिसेंबरला यांगा विरुद्ध इजिप्तचा अल अहली. माझा म्कापावरचा हा पहिला सामना. साठ हजारांचं स्टेडियम आहे, २००७ मध्ये उघडलेलं, आणि लोक त्याला नुसतं 'क्वा म्कापा' म्हणतात, म्हणजे म्कापांच्या घरी. सिंबावाल्यांची घोषणाच आहे: 'क्वा म्कापा हातोकी म्तू', म्कापांच्या घरातून कुणी सुटून जात नाही. ती उगाच नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये खुद्द अल अहली इथून १-० ने हरून गेला होता. त्या डिसेंबरच्या रात्री अल अहलीच्या पर्सी टाऊने शेवटी शेवटी गोल मारला तेव्हा माझ्या रांगेतली माणसं उठायला लागली होती. तेवढ्यात यांगाच्या पाकोम झुझुआने बरोबरी केली. शेजारच्या अनोळखी बाईने मला अशी मिठी मारली की माझा चष्मा खाली पडला. १-१.

जाणाऱ्यांसाठी उपयोगी पडेल ते इथेच सांगून टाकते. 'म्झुंगुको', म्हणजे गोलाकार सर्वसाधारण स्टँडचं तिकीट स्वस्त असतं आणि खरा सामना तिथेच असतो. एकदा कंपनीच्या कृपेने व्हीआयपीत बसले, तिथे लोक फोन पाहत होते. तिकीट प्रीपेड कार्डावर येतं, कार्डात पैसे आदल्या दिवशीच भरा. माझं कार्ड एकदा फाटकावर चाललं नाही आणि आत दोन गाणी संपेपर्यंत मी बाहेर गर्दीत दाबली जात होते. लहान मुलं बरोबर असतील तर दोन तास आधी पोहोचा. वेळ नीट विचारून घ्या. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे 'सा मोजा उसिकू', रात्रीचा एक, म्हणजे आपले संध्याकाळचे सात. येताना डालाडाला, म्हणजे मिनीबस, मिळत नाही, बजाजवाला, म्हणजे रिक्षावाला, दुप्पट मागतो, द्यावे. बाहेर तळलेला मुहोगो मिळतो, कसावाचे तुकडे वर मीठ-मिरची घालून. पोटभर होतो.

तिकीट नाही मिळालं तर किबांडा उमिझा. पत्र्याची खोली, बाकडी, एक पडदा, आणि किरकोळ पैसे. उमिझा म्हणजे दुखवणारा. दाटीवाटीने बसून अंग दुखतं म्हणून हे नाव पडलं असं मला सांगण्यात आलं. यातला प्रत्येक जण मोफत समालोचक असतो. माझी स्वाहिली ऑफिसात जितकी सुधारली नाही तितकी तिथे सुधारली.

१९ डिसेंबरला सिंबाने मोरोक्कोच्या विदादला २-० ने हरवलं, दोन्ही गोल विली ओनानाचे. मग आफ्रिकन नेशन्स कप, म्हणजे देशांच्या संघांची स्पर्धा, आला आणि स्पर्धा दोन महिने थांबली. हंगामाच्या ऐन रंगात एवढा मोठा खंड पडणं ही या रचनेची मोठी अडचण आहे. गणितं विसरली जातात, खेळाडू दमून किंवा जायबंदी होऊन परततात.

पण २४ फेब्रुवारीची रात्र त्या दोन महिन्यांची भरपाई करून गेली. बेलुइझदादविरुद्धच्या सामन्याला यांगाने 'पाकोम डे' नाव दिलं होतं. पाकोमचे केस सोनेरी रंगवलेले, म्हणून आठवडाभर कारियाकूतली माणसं न्हाव्याकडे रांगा लावून केस पिवळे करून घेत होती. माझी सहकारी, दोन मुलांची आई, शुक्रवारी सोनेरी केस घेऊन ताळेबंद करायला बसली. गणित असं होतं: गुण बरोबरीत सुटले तर आपसातले सामने पाहणार, आणि अल्जीरियातले ते तीन गोल डोक्यावर होते. म्हणजे नुसतं जिंकून निश्चिंत होता येत नव्हतं, चार हवे होते. मध्यंतराच्या जरा आधी मुदाथिर याह्याने पहिला मारला. मध्यंतरानंतर लोक जागेवर बसतायत न बसतायत तोवर स्टेफान अझीझ-की आणि केनेडी मुसोंडा यांनी आणखी दोन. मग चौथ्यासाठी अर्ध्या तासाहून जास्त वेळ थांबणं. तो अर्धा तास मी कधी विसरणार नाही. गाणी बंद झाली होती. लोक बोलत नव्हते. जोसेफ गेदेने चौथा मारला आणि स्टेडियमचं काँक्रीट पायाखाली हललं. शेवटी दोघांचे आठ-आठ गुण झाले आणि त्या आपसातल्या ४-३ वर यांगा पुढे गेला.

आठवडाभराने, २ मार्चला, सिंबाची पाळी. समोर बोत्स्वानाचा ज्वानेंग गॅलेक्सी, ज्याने २०२१ मध्ये याच शहरात ३-१ जिंकून सिंबाला बाहेर काढलं होतं. ती जखम मझ्यांनी मला तीनदा सांगितली होती. सिंबाने सहा गोल मारले, ६-०. त्यांचे आणि विदादचे नऊ-नऊ गुण, आणि आपसात सिंबा २-१ ने पुढे. सोमवारी गाडीत रेडिओ मोठ्याने लागला होता. राष्ट्राध्यक्ष सामिया सुलुहू हसन आफ्रिकन स्पर्धेतल्या गोलमागे रोख बक्षीस देतात, लोक त्याला 'गोली ला मामा' म्हणतात, आईचा गोल. मझे सिग्नलला थांबून बोटांवर त्याचा हिशेब करत होते.

उपांत्यपूर्व फेरी २९ आणि ३० मार्चला आली. रमझान चालू, आणि २९ तारीख गुड फ्रायडेची. सामने रात्री नऊला. इफ्तार करून आलेले आणि चर्चमधून आलेले एकाच बजाजमध्ये बसून म्कापाला निघाले होते. भारतात तेव्हा साडेअकरा वाजलेले. वडील जागे राहून फोनवर 'आता काय झालं?' विचारत होते. सिंबाविरुद्ध अल अहलीच्या अहमद नबील कोकाने चौथ्याच मिनिटाला गोल केला आणि उरलेला सगळा वेळ त्यांनी तो एक गोल राखला. इतक्या शांतपणे साठ हजारांच्या गोंगाटाला सामोरं जाणारा संघ मी पाहिला नव्हता. राग आला, आणि मनात मानही वाटला. कैरोत २-०, सिंबा संपला. यांगाने मात्र दक्षिण आफ्रिकेच्या मामेलोडी सनडाउन्सला इथे ०-० वर रोखलं.

आता ५ एप्रिल, प्रिटोरिया. मी किबांडात होते. दुसऱ्या डावात अझीझ-कीने लांबून मारलेला फटका आडव्या दांड्याला लागून खाली आदळला आणि बाहेर आला. पडद्यावर पुन्हापुन्हा दाखवलं तेव्हा खोलीतल्या एकालाही शंका नव्हती की चेंडू रेषेच्या आत पडला. मलाही नाही, आजही नाही. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणारे पंच, होतं, पण गोलरेषेचं तंत्रज्ञान नव्हतं, आणि गोल दिला नाही. सामना पुन्हा ०-०, पेनल्टीवर ३-२ ने सनडाउन्स. त्यांचा गोलरक्षक रॉनवेन विल्यम्स याने दोनच महिन्यांपूर्वी नेशन्स कपमध्ये केप व्हर्देच्या चार पेनल्टी अडवल्या होत्या, तेव्हा पेनल्टीपर्यंत जाणं म्हणजेच हरणं हे सगळ्यांना माहीत होतं. यांगाने कॅफकडे तक्रार केली. निकाल तोच राहिला.

या स्पर्धेतली माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे आणि ती मी मनापासून करते. त्या हंगामात विजेत्याला ४० लाख डॉलर देणारी स्पर्धा शेवटच्या आठ संघांसाठी गोलरेषेचं यंत्र बसवू शकली नाही, हे पटत नाही. गोल जिथे इतके दुर्मिळ, तिथे एक गोल बुडणं म्हणजे अख्खा हंगाम बुडणं. मी मोजलं: उपांत्यपूर्व फेरीपासून अंतिम सामन्यापर्यंत १४ सामने आणि गोल फक्त १२. त्यातले सात सामने ०-० सुटले. ज्यांना दर दहा मिनिटांनी गोल हवा त्यांनी बाद फेरी पाहू नये, गटसाखळी पाहावी. मला स्वतःला बाद फेरीची ती घुसमट आवडायला लागली. ट्युनिशियाच्या एस्पेरान्सने आयव्हरी कोस्टच्या आसेक मिमोसासला दोन ०-० नंतर पेनल्टीवर काढलं आणि सनडाउन्सला घरी १-० आणि प्रिटोरियात जाऊनही १-० हरवलं. प्रिटोरियातल्या त्या निकालावर कारियाकूत लोकांनी हॉर्न वाजवले.

अंतिम सामना एस्पेरान्स आणि अल अहली यांच्यात, दोन भागांत. १८ मेला ट्युनिशियातल्या रादेसमध्ये ०-०. २५ मेला कैरोत चौथ्या मिनिटाला कॉर्नरवरून रामी रबियाच्या डोक्याचा चेंडू एस्पेरान्सच्या रॉजर अहोलूला लागून आत गेला. स्वयंगोल. बाद फेरीत एस्पेरान्सवर झालेला तो एकमेव गोल, आणि तोही त्यांच्याच माणसाचा. अल अहलीचं हे बारावं विजेतेपद. किबांडात त्या रात्री जेमतेम वीस माणसं होती, मसिकाचा, म्हणजे इथल्या मोठ्या पावसाळ्याचा, पाऊस पत्र्यावर वाजत होता आणि समालोचन ऐकू येत नव्हतं. पुन्हा चौथं मिनिट, पुन्हा अल अहली, असं मझे एवढंच बोलले.

पाचपैकी किती, तर चार. कापलेला एक त्या न दिलेल्या गोलसाठी.

टांझानियाची लीग तीन दिवसांनी संपली. यांगा पहिला, सिंबा आणि आझाम हा तिसरा क्लब यांचे गुण सारखे, पण गोलफरकाने सिंबा तिसरा, म्हणजे पुढच्या हंगामात चॅम्पियन्स लीगऐवजी कॉन्फेडरेशन कप, आफ्रिकेची दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा. मझ्यांनी माझं कार्ड मागून घेतलं, त्यात किती शिलिंग उरलेत ते पाहिलं आणि विचारलं, "दादा, दुसऱ्या कपाला येणार ना?"

मी हो म्हटलं.